ओंजळीएवढा वाडगा

चहाच्या कपाची आपल्या समाजाला एक वेगळीच आठवण आहे. माझ्या आईची आठवण अशी. गावच्या एस.टी. थांब्याजवळ एक हॉटेल होते. त्याच्या वळचणीला कान तुटलेले दोन-तीन कप खोचून ठेवलेले असत. आपल्या माणसाने कप स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, जमिनीवर ठेवायचा आणि बाजूला व्हायचे. हॉटेलवाला किटलीतून वरूनच चहा ओतायचा. तो उकिडवे बसून प्यायचा आणि कप पुन्हा विसळून वळचणीला खोचायचा. पाणी हवे असेल तर ओंजळ पुढे करायची, कारण पाण्यासाठी तुटका कपही नव्हता. पैसे मात्र सर्वांइतकेच.

सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हा १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने गुन्हा ठरला. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. मी पडलो कारकून, कलमे वाचण्याची सवय आहे. परंतु हे कलम प्रथम वाचले तेव्हा ओळींच्या मागे मला माझी आई उकिडवी बसलेली दिसली.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण म्हणजे एक जपानी वाडगा. तो सध्या पिंपरीत आमच्या घरी, पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर लाकडी पेटीत आहे.

आमचे राहणे पिंपरीचे आणि नोकरी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली. सकाळी कंपनीची बस निगडी, तळवडे, महाळुंगे अशी वळणे घेत जाते. एके काळी चाकण म्हटले की दोनच गोष्टी सांगत: कांद्याचा बाजार आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध लढवलेला भुईकोट. आता तिसरी गोष्टच पहिली झाली आहे. माळरानावर मोटारींचे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. त्यात जर्मन आले, कोरियन आले, जपानीही आले. रस्त्याकडेच्या पाट्यांवर मराठी आणि इंग्रजीच्या जोडीला चित्रासारखी अक्षरे दिसू लागली. आपल्या वस्त्यांतली मुले या कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून लागली, थोडी कायम झाली आणि काहींनी अनपेक्षित वाटाही काढल्या. आमच्या वस्तीतील एक मुलगी पुण्यात जपानी भाषा शिकली, परीक्षांच्या एकेक पायऱ्या चढली आणि आमच्याच कंपनीत दुभाषी म्हणून आली. तिचे वडील कचऱ्याच्या गाडीवर होते. ही मुलगी नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

कंपनीत एक जपानी तांत्रिक सल्लागार होते. वय साठीच्या आसपास, बोलणे अगदी कमी. शॉपवर त्यांचा दरारा मोठा. सुट्या भागात केसाएवढा फरक निघाला तरी संपूर्ण खेप बाजूला. त्या खेपेची रिजेक्शन नोट टाइप करण्याचे काम माझे. त्यामुळे त्यांची सही मला माझ्या सहीपेक्षा अधिक ओळखीची झाली होती. माझ्या टेबलावरील काचेखाली तथागतांचा व बाबासाहेबांचा फोटो आहे. एक दिवस त्यांनी तो वाकून पाहिला आणि दुभाषी मुलीमार्फत विचारले, "आपण बौद्ध आहात काय?" मी होय म्हणालो आणि तोच प्रश्न त्यांना केला. ते थोडे हसले. त्यांच्या घराण्याचे विहार आहे, पण तेथे जाणे होते ते बहुधा मयतालाच, असे त्यांनी सरळ सांगितले. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

२०२२ साली २५ डिसेंबर रविवारी आला होता. मी साहेबांना देहूरोडच्या बुद्धविहारात नेले. वाचकांना सांगायला नकोच, १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती तेथे स्वहस्ते बसवली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तीही १९५४ मध्येच. या परिसरात कारखाना आणि धम्म एकाच वर्षी आले असे मी सभांतून नेहमी सांगतो. साहेब गर्दीत रांगेत उभे राहिले. लहान मुले, म्हाताऱ्या बाया, डेपोतले निवृत्त कामगार, निळ्या टोप्या, पांढऱ्या साड्या हे सर्व ते पाहत होते. बाहेर पडल्यावर त्यांनी टपरीवर कागदी पेल्यात चहा घेतला, पेला दोन्ही हातांनी धरला आणि आम्हाला घरी चहाला यायचे निमंत्रण दिले. आईलाही आणा, असे आवर्जून सांगितले.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही त्यांच्या प्राधिकरणातील फ्लॅटवर गेलो. आई, मी, दुभाषी मुलगी आणि कंपनीतलेच एक तरुण जपानी इंजिनिअर. साहेबांच्या पत्नी जपानमध्ये कित्येक वर्षे चहाविधी शिकल्या होत्या. जमिनीवर चटई अंथरली होती आणि भिंतीशी चार लहान लाकडी पेट्या. मला वाटले आत दागिने असतील. एकेक पेटी सोडून त्यांनी कापडात गुंडाळलेला एकेक वाडगा बाहेर काढला. एकही पूर्ण गोल नव्हता.

एक काळाकुट्ट, कोळशासारखा. दुसऱ्यावर सायीसारखा पांढरट गुलाबी थर आणि त्यात बारीक भेगांची जाळी. तिसऱ्याच्या काठावरून तळापर्यंत सोनेरी रेघ उतरलेली. तो कधी तरी फुटला होता आणि लाखेसारख्या झाडाच्या चिकाने सांधून वर सोन्याची पूड भरली होती. चौथा तांबूस करडा, मातीचा तसाच, वर झिलई नाहीच, अंगावर विस्तवाचे डाग. मी साहेबांना विचारले, "शॉपवर हा माल आला असता तर?" दुभाषी मुलीने ते कसे सांगितले कोण जाणे, पण ते मोठ्याने हसले. म्हणाले, शॉपवर एक भाग दुसऱ्यासारखा नसेल तर मोटार चालणार नाही. पण वाडग्याला मोटारीत बसायचे नाही, त्याला हातात बसायचे आहे.

मग त्यांनी वाडगा कसा पाहावा ते दाखवले. अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवायचे. वाडगा उंच उचलायचा नाही. कोपरे मांडीवर टेकवून जमिनीपासून वीतभर अंतरावरच धरायचा, म्हणजे निसटला तरी फुटत नाही. आधी सबंध आकार, मग आतला तळ, जिथे चहाचा शेवटचा घोट साचतो तो खळगा. मग काठावरून बोट फिरवायचे. शेवटी उलटा करून बूड बघायचे. बुडाच्या कड्यापाशी बहुधा झिलई थांबते आणि उघडी माती दिसते. कुंभाराने चाकावरून तो कसा कापला, कुठे दाबला, हे सारे तेथे लिहिलेले असते. जाणकार वाडग्याची परीक्षा बुडावरून करतात. हे मला पटले. आम्ही कारकूनही ताळेबंद शेवटच्या ओळीवरूनच वाचतो.

साहेबांचा हा संग्रह काही लाखमोलाचा नव्हे. पगारदार माणसाने तीस वर्षांत, जिथे बदली होईल तेथल्या कुंभाराकडून, एकेक करून घेतलेला. मात्र या छंदाची मुळे आपल्या धम्माच्या इतिहासात गेली आहेत. चहाची बी ११९१ साली चीनहून जपानमध्ये आणल्याचे श्रेय एइसाई या भिक्खूला देतात. ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून विहारांतून चहा पिऊ लागले. पुढे सरदार-दरकदारांनी त्याचा थाट केला. चीनची महागडी भांडी, मोठी दालने, पैजा. पंधराव्या शतकात मुराता जुको या झेन साधकाने आणि सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या साकाई बंदरातल्या व्यापाऱ्याच्या मुलाने तो थाट काढून टाकला. रिक्यूने चहाची खोली दोन चटयांएवढी केली. तिचे दार इतके लहान, जेमतेम दोन फुटांचे, की आत जायचे तर रांगतच जावे लागते. तलवार बाहेर अडकवायची. राजा असो की सावकार, गुडघे टेकल्याशिवाय प्रवेश नाही.

रिक्यूला त्या खोलीसाठी चिनी वाडगा नको होता. त्याने चोजिरो नावाच्या, छपराची कौले घडवणाऱ्या माणसाला वाडगे करायला सांगितले. कौलकारच का, हा प्रश्न मला बराच वेळ छळत होता. चोजिरोने चाक वापरले नाही. मातीचा गोळा दोन्ही तळव्यांत धरून त्याला ओंजळीचाच आकार दिला. कमी आचेवर भाजला. राकू नावाची ही परंपरा त्याच्या घराण्यात आज सोळाव्या पिढीत चालू आहे. समोरचा काळा वाडगा त्याच धर्तीचा होता. मी तो हातात घेतला तेव्हा बोटांच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या. ओंजळ आपल्याला ठाऊक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी ओंजळीशिवाय दुसऱ्या भांड्यातून परक्याच्या दारी पाणी प्यायलेच नाही. तीच ओंजळ कोणी मातीत घडवून राजासमोर ठेवली, हे मला नवीन होते.

त्याहून नवल पुढचे. जपानमध्ये सर्वांत मानाच्या वाडग्यांपैकी एक म्हणजे किझाएमोन नावाचा. तो राष्ट्रीय ठेवा असून क्योतोच्या दाइतोकुजी विहार-परिसरात आहे. तो जपानी नाहीच, कोरियातून आलेला आहे. कोणी केला त्याचे नाव ठाऊक नाही. यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) या विचारवंताने लिहिले की हा गरिबाच्या घरातला रोजच्या जेवणाचा साधा वाडगा, करणाऱ्याने त्याला कलाकृती समजून केलाच नव्हता. नाव नसलेल्या कारागिरांच्या वस्तूंसाठी यानागींनी १९३६ साली टोकियोत संग्रहालय उभारले. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, पळ्या, भांडी जमवून जे राजा केळकर संग्रहालय केले, त्याची मला आठवण झाली. तेथेही करणाऱ्यांची नावे नाहीत. जपानी व चिनी कलावस्तू प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेला संग्रह आहे. मुलांना घेऊन जरूर जावे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीने कोरियावर दोनदा स्वारी केली आणि परतताना त्याच्या सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. हागी आणि कारात्सू येथील नामांकित भट्ट्या त्यांच्या हातांवर वाढल्या. नाजूक वाडग्यांमागे असे ओढून आणलेले हातही आहेत. रिक्यूलाही याच हिदेयोशीने १५९१ मध्ये मरायला लावले. दोन फुटांच्या दारातून रांगत आत येणारा राजा बाहेर पडल्यावर पुन्हा राजाच होता.

आता त्या दिवसाच्या मुख्य प्रसंगाकडे येतो. साहेबांच्या पत्नीने काळ्या वाडग्यात हिरवी पूड घातली, थोडेसेच गरम पाणी ओतले आणि बांबूच्या कुंच्याने ती घोटली. पातळ चहा असतो तो प्रत्येकाला वेगळा देतात. हा दाट चहा, आमटीपेक्षाही दाट, एकाच वाडग्यातून सर्व पाहुणे पितात. वयाने आई सर्वांत मोठी, म्हणून मुख्य पाहुणी तीच. वाडगा प्रथम तिच्यापुढे आला. तिने तो घेतला नाही. माझ्याकडे वळून हळूच विचारले, "माझा कप कोणचा?"

मला बोलता येईना. दुभाषी मुलीने काय ते ओळखले आणि बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "हाच. सर्वांचा हाच."

आईने वाडगा दोन्ही हातांनी उचलला. तीन-साडेतीन घोट घ्यायचे असतात, तिने एकच मोठा घेतला आणि तोंड वाकडे केले. "पाल्याचा रस हाय नुसता," असे म्हणाली, ते मुलीने भाषांतर केले नाही. आपण ओठ लावलेली जागा ओल्या फडक्याने पुसून वाडगा शेजाऱ्याला द्यायचा अशी रीत आहे. आईने काठ पुसला, पुन्हा पुसला, तिसऱ्यांदा पुसला. शेवटी त्या जपानी इंजिनिअरनेच हात पुढे केले, मान लववून वाडगा घेतला आणि त्याच काठाने प्याला. तो घोट त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत आई त्याच्याकडे पाहत होती. मग माझी पाळी, मग मुलीची.

रिक्षातून परतताना आई बराच वेळ गप्प होती. आकुर्डीच्या पुढे आल्यावर म्हणाली, "त्यानं नुसतं पुसल्यालं घेतलं. विसाळलं नाय."

तुम्ही म्हणाल, एकाच भांड्याला सर्वांनी ओठ लावणे आरोग्याच्या दृष्टीने बरे नव्हे. खरे आहे. कोरोनाच्या काळात जपानमध्येही प्रत्येकाला वेगळा वाडगा देऊ लागले होते. माझे म्हणणे असे नाही की आपल्या विहारांतून हा विधी सुरू करावा. आपल्याकडे विधींची वाण नाही, आहेत तेच कमी करायचे आहेत. शिवाय चहाच्या त्या विद्येत आज वंशपरंपरेने चालणाऱ्या गाद्या आहेत, प्रमाणपत्रांना पैसे पडतात. साधेपणा शिकवणाऱ्या रिक्यूच्या नावाने हे चालावे, याचा विषाद साहेबांच्या पत्नीनेही बोलून दाखवला.

चहातून अस्पृश्यतेला उत्तर आपल्याकडेही दिले गेले आहे, आणि त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ झाला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना मदत करून चहाचे हॉटेल घालून दिले. 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. तेथे सवर्ण कोणी फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर उभी करून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यावा लागे. जपानच्या हिदेयोशीने १५८७ मध्ये कितानो येथे भरवलेल्या चहाच्या मेळाव्याला शेतकरी व नोकरचाकरांनाही बोलावले होते, त्याची इतिहासात फार वर्णने आहेत. मला विचाराल तर गंगारामांच्या हॉटेलातील कप त्याहून मोठा. हिदेयोशी यजमान होता, महाराज गिऱ्हाईक म्हणून आले आणि चहा गंगारामांच्या हातचा होता.

आणि जपानचे कौतुक करताना तेथील आपल्या भाऊबंदांना विसरून चालणार नाही. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे करणाऱ्या लोकांना तेथेही शेकडो वर्षे गावाबाहेर ठेवले होते. एता, हिनिन ही त्यांची हिणवणारी नावे. १८७१ च्या फर्मानाने ती नावे गेली, वागणूक गेली नाही. त्यांच्या वस्त्यांना बुराकू म्हणतात, आणि लग्नाच्या वेळी कुळाची चौकशी होण्याचा अनुभव त्यांना पुढेही येत राहिला. ३ मार्च १९२२ रोजी या लोकांनी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही आपली संघटना स्थापन केली. सुइहेइ म्हणजे पाण्याची समपातळी. पाच वर्षांनी, त्याच मार्च महिन्यात, २० तारखेला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मी ही हकीकत साहेबांना विचारली तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, शाळेत आम्हाला याबद्दल थोडे शिकवले होते, घरात कधीच कोणी बोलले नाही. त्यांच्या घरातील गप्प बसणे मला आपल्याकडील सवर्ण मित्रांच्या घरांतूनही ठाऊक आहे. वाडगा एक असला तरी दार सर्वांना उघडे होते असे नव्हे.

२०२४ साली साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले. जाण्यापूर्वी चौथी पेटी, तांबूस करड्या वाडग्याची, त्यांनी आईच्या हातात दिली. तो बिझेनचा. बिझेनची भांडी ओकायामा प्रांतात होतात. तेथे वर झिलई देतच नाहीत. लाकडाच्या भट्टीत आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, सतत जाळ देतात. उडालेली राख भांड्यावर वितळून बसते. भांड्यांमध्ये गवताच्या काड्या ठेवल्या असतील तर तेथे लाल रेघा उठतात. ओकायामा हे नाव आपल्या लोकांना दोन कारणांनी जवळचे वाटावे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जे पु. ल. देशपांडे उद्यान आहे ते ओकायामाशी असलेल्या मैत्रीचे प्रतीक आणि तेथील प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर केलेले. दुसरे म्हणजे नागपूरचे भदंत सुरई ससाई यांचा जन्म त्याच ओकायामा प्रांतातला, १९३५ चा. महाबोधी विहाराच्या मुक्तीसाठी उभे राहिलेले भन्ते ज्या मातीतले, त्याच मातीचा वाडगा आईच्या हातात आला, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग देव्हाऱ्यात नगं ठिवू. वापरू."

पेटी देताना साहेबांच्या पत्नीने सूचना केली होती की मातीचे नवे भांडे वापरण्यापूर्वी तांदळाच्या पेजेत उकळून घ्यावे, म्हणजे बारीक छिद्रे बुजतात आणि झिरपत नाही. दुभाषी मुलीचे वाक्य संपण्याआधीच आई म्हणाली, "आमी नव्या मडक्याला त्येच करतो." त्या दोघी बायांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पुढचा अर्धा तास त्या मडक्यांवरच बोलत होत्या. मुलगी दमून गेली.

आमच्याकडे उन्हाळ्यात माठ विकायला बसतात त्या कुंभारकाकांना मी हा वाडगा नेऊन दाखवला. माणूस सत्तरीचा. त्यांनी तो घेतला आणि कोणी न सांगता प्रथम उलटा केला. बूड पाहिले, अंगठ्याने दाबले, टिचकी मारून कानाजवळ धरला. "लई पक्का भाजलाय. आमचा आवा एवढा तापत नाय," म्हणाले. ते का, हेही त्यांनी समजावले. माठ इतका भाजला तर त्याची छिद्रे मिटतील, पाणी पाझरणार नाही आणि गार होणार नाही. माठाचे थोडे कच्चे राहणे हेच त्याचे काम. तो जपानी वाडगा पुष्कळ श्रेष्ठ आणि आपला माठ गावंढळ, असा माझा जो समज होत चालला होता, तो त्यांनी दोन मिनिटांत दुरुस्त केला.

धम्म आणि कुंभार यांचे नाते जुने आहे. मज्झिम निकायात एक प्रसंग आहे. राजगृहात भग्गव नावाच्या कुंभाराच्या पडवीत तथागत एका रात्रीपुरते उतरले. तेथे पुक्कुसाती नावाचा तरुण आधीच मुक्कामाला होता. तो बुद्धाच्याच नावाने घर सोडून निघालेला, पण समोर बसले आहेत ते बुद्ध, हे त्याला ठाऊक नव्हते. तुझी हरकत नसेल तर मी येथे रात्र काढीन, असे तथागतांनी त्याला विचारले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी निरनिराळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत कुलरिक ही श्रेणी आहे, अभ्यासक तिचा अर्थ बहुधा कुंभार असा करतात. म्हणजे कुंभारांची श्रेणी ही त्या काळची बँक होती. बी.कॉम.च्या पुस्तकात हे कोणी शिकवले नाही. भिक्खूच्या पात्रांविषयी विनयात नियम आहे: लोखंडाचे किंवा मातीचे चालेल; सोन्याचे, चांदीचे, लाकडाचेही नको. पात्राला पाच सांधे पडले नसतील तर नवे मागायचे नाही. साहेबांच्या सोनेरी रेघेच्या वाडग्याला एकच सांधा होता. सोन्याचे मात्र विनयाला चालले नसते!

कुंभारकाकांना मी आगाऊ पैसे देऊन पाच वाडगे सांगितले. मापासाठी जपानी वाडगा ठेवू का, असे विचारले तर नको म्हणाले. "वंजळ दाव." मी ओंजळ पुढे केली. त्यांनी आपल्या बोटांनी माझ्या तळव्यांची रुंदी घेतली, नेहमी माझ्या कपड्यांचे माप शिंपी घेतो तशी. पंधरा दिवसांनी तीन मिळाले. दोन आव्यात तडकले, त्याचे पैसे त्यांनी परत करू पाहिले. मी घेतले नाहीत, त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. तीन वाडग्यांपैकी एक दुभाषी मुलीकडे गेला, एक आमच्या विहाराच्या वाचनालयात, जेथे सध्या पेन्सिली ठेवतात. तिसरा आईकडे आहे. बिझेनचा वाडगा पाहुणे आले की निघतो, रोजचा सकाळचा चहा या तिसऱ्यातून. पेजेत दोनदा उकळूनही तो थोडा झिरपतो, त्यामुळे खाली बशी लागते. कान नसल्याने हात भाजतो, अशी तक्रार ती रोज करते. मी स्टीलचा कप पुढे केला की म्हणते, "ऱ्हाऊ दे."